चौथा रकाना

मुंजाजी सरांच्या नाकावर चष्मा असतो, आणि तरी ते समोरच्याच्या तोंडावर सांगतात, "चष्मा घरी राहिला बगा." काळ्या जाड काड्यांचा, दोरीनं मानेला बांधलेला चष्मा. पण कुणी कागद पुढे करून "सर, एवढं वाचून सांगा" म्हणालं, की तो घरी राहिलेला असतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं सेलूच्या बसस्थानकावर. सर निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आले त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. एक म्हातारबाबा पिशवी सावरत त्यांच्याजवळ आले. "मास्तर, ही गाडी कुठं जायलीय?" सर म्हणाले, "पाटी हाय की. वाचा." म्हातारबाबा म्हणाले, "मला कुठं येतंय?" सर म्हणाले, "मग आज येईल. पहिलं अक्षर बगा. गणपतीचा कोणता?" म्हातारबाबांनी मान वर केली, डोळे बारीक केले, 'ग' ओळखला, त्यावरचं टिंब ओळखलं, पुढचा 'गा' ओळखला आणि 'खे'पाशी अडले. तेवढ्यात वाहकानं घंटी मारली आणि गाडी गंगाखेडला निघून गेली. म्हातारबाबांनी सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "तुमच्या शाळंपायी माजी गाडी गेली की वो!" सरांनी शांतपणे खिशातून वही काढली आणि लिहिलं. मी वाकून पाहिलं. "नमुना चौदा. 'गं' आला. 'गा' आला. गाडी गेली."

मी तेव्हाच ठरवलं की या माणसापासून चार हात लांब राहायचं. पण भिंतीला भिंत लागून घर असल्यावर चार हात आणायचे कुठून?

सरांच्या गळ्यात चष्म्याच्या दोरीशेजारी आणखी एक दोरी असते. तिला शाळेच्या क्रीडास्पर्धांतलं स्टॉपवॉच लटकलेलं. लग्नाला, बारशाला, मयतीलासुद्धा ते स्टॉपवॉच घेऊन जातात. विचारलं तर म्हणतात, "संशोधन चालू हाय." विषय काय, तर मोठ्या माणसांना वाचायला का येत नाही, आणि आलेलं पुन्हा का जातं. विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही, कुणी सांगितलेलं नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायचा हा प्रकार.

प्रत्येक माणसाची एक वही, खाकी कव्हर घातलेली, वर नमुना क्रमांक. आत पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, कागद, वेळ आणि काय समजलं. सरांचा सगळा जीव त्या चौथ्या रकान्यात. वाचणारा वाचून थांबला, की सर स्टॉपवॉच दाबतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, "वाचलं. बरं. काय समजलं?" समोरचा जे बोलेल ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं. "आपले शब्द घालायचे न्हाईत, बाबू. आपले घातले की समदे खामखा शहाणे दिसतेत." कुठल्याही कारकुनाला सर बाबू म्हणतात, आणि मी तीस वर्षं कारकून होतो.

पेडगावची एक बाई सरांकडे यायची, नमुना एकोणीस. तिचा कागद म्हणजे दवाखान्यातल्या गोळ्यांची पुडी. तीन दिवस ती पुडी वाचत होती. चौथा रकाना मी स्वतः पाहिलाय: "गोळी जेवणानंतर घ्यायची आसती. सून म्हनली उपाशीपोटी. आता सुनंला इचारते." पुढं त्या घरात काय झालं ते वहीत नाही, पण बाई पुडी मुठीत धरून तरातरा गेलेली मी पाहिली.

सरांची पद्धतही त्यांच्यासारखीच उलट्या खोपडीची. अंकलिपी नाही, 'कमळ बघ' नाही. "मोठं माणूस म्हंजे थोरलं लेकरू न्हवं. त्याला कमळ कायला दाखवता? त्याच्या खिशातला कागद काढा." मग त्या माणसाच्या खिशातून जे निघेल तोच धडा. बियाण्याची पिशवी, देवळाची पावती, जावयाचा निरोप. दोघांना शेजारी बसवायचं आणि एका सुरात वाचायला लावायचं, थोडं बरं वाचणाऱ्यानं अर्धं पाऊल पुढे राहायचं. एकच कागद तीन दिवस. अक्षर अक्षर फोडायचं नाही. आणि नाही समजलं तर लाजायचं नाही, बोट उचलायचं आणि एक ओळ मागं जायचं. "मागं जायला येतं त्यालाच वाचायला येतं," असं सर म्हणतात. हे सगळं होईस्तोवर स्वतः सर एक अक्षर वाचून दाखवत नाहीत. त्यांचा चष्मा घरी असतो.

एका लग्नात त्यांनी मला लाज आणली. नवऱ्या मुलाचे चुलते पत्रिका हातात घेऊन घडाघडा वाचत होते, 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न'पासून 'लहान मुलांचा आग्रहाचा नमस्कार'पर्यंत. चार पाव्हणे कौतुकानं ऐकत होते. सर पुढे झाले, म्हणाले, "जरा बगू," पत्रिका घेतली, उलटी केली आणि परत दिली. चुलत्यांनी उलटी पत्रिकाही तेवढ्याच झोकात वाचून काढली. पाव्हणे हसले, चुलते लाल झाले. सरांनी मात्र हसू दाबलं नाही की खुलवलं नाही. त्यांचा चेहराच एकदम पडला. जेवताना एवढंच म्हणाले, "पाठांतर लय वाईट, बाबू. बगणाऱ्याला वाटतं माणूस वाचायलाय." मला वाटलं, म्हातारपणी माणूस कशानंही खचतो.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीत मी नुसता बघ्या नाही. मी शिक्षण खात्याच्या एका तालुका कचेरीत होतो. कोणता तालुका ते सांगत नाही. तिथली कपाटं अजून उभी आहेत. कागदी घोडे नाचवायचं काम होतं आणि माझे घोडे चांगले नाचत. साक्षरतेच्या मोहिमा आल्या, गेल्या, नाव बदलून पुन्हा आल्या. प्रत्येक मोहिमेत माणसं साक्षर होत, आणि पुढच्या मोहिमेला तीच माणसं पुन्हा निरक्षर म्हणून सापडत. याचं मला कधी नवल वाटलं नाही, कारण दोन्ही याद्या माझ्याच हस्ताक्षरात असत.

म्हणूनच सरांचा दोनशे पानी अहवाल कचेरीत द्यायचा ठरला तेव्हा मी सोबत गेलो. ओळखीच्या माणसाशिवाय तिथे कुणी पाणी विचारत नाही. साहेब तरुण होते, स्वभावानं चांगले. त्यांनी अहवाल हातात तोलला आणि म्हणाले, "सर, एका पानात देता येईल का?" सर म्हणाले, "पहिलंच पान वाचा, साहेब. मोठ्यानं." साहेबांनी ते मेलगाडीच्या वेगानं वाचलं. सरांनी स्टॉपवॉच दाबलं.

"वाचलं. बरं. काय समजलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. मग साहेब म्हणाले, "चांगला उपक्रम आहे." सरांनी तिथेच नवी वही काढली. "नमुना बेचाळीस. पदवीधर. वेग उत्तम. काय समजलं: चांगला उपक्रम आहे."

चार महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी त्याच कचेरीत गेलो. सरांचा अहवाल कूलरच्या एका पायाखाली होता. कूलर पूर्वी फार हलायचा, आता हलत नव्हता. सरकारदरबारी त्या संशोधनाचा एवढा तरी उपयोग झाला, असं मी स्वतःशी म्हणालो. सरांना मात्र सांगितलं की अहवाल वर गेलाय.

सरांच्या घरी दुसरं माणूस एकच, त्यांची बायको गयाबाई. मी त्यांना वहिनी म्हणतो. गोरा, सुरकुतलेला चेहरा, गोदाकाठचा मोकळा आवाज. त्यांचं माहेर गंगाखेडच्या पलीकडे, नदीला लागून. नवऱ्याच्या खुळावर त्यांचा काही आक्षेप नव्हता. त्यांचं दुखणं वेगळं होतं. कुठल्याही गप्पा सुरू झाल्या, पाऊस, सोयरिक, गॅस सिलेंडर, की वळणं घेत घेत त्या एका ठिकाणी यायच्या. "आमच्या दत्तानं माय आजारी हाय मनून चार ओळी धाडल्या न्हाईत, भावजी. सख्खा भाऊ. मायचं तोंड दिसलं न्हाई मला." दत्ता त्यांचा थोरला भाऊ. आई गेली त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलला नाही आणि बहीण त्याच्याशी. ना दिवाळी, ना राखी. भाऊ वारला तेव्हाही वहिनी पाचव्या दिवशी जाऊन उभ्या उभ्या आल्या. हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज तितकाच तापायचा, आणि दर वेळी सर उठून नळाला पाणी आलं का बघायला जायचे. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं.

वहिनींना वाचता येत नव्हतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग एके दिवशी त्या पदराआड हसत मला सांगायला आल्या. त्यांच्या बैठकीत एक फ्रेम होती, जुन्या मोहिमेतलं प्रमाणपत्र, काचेआड पिवळं पडलेलं. लग्न झालेली मुलगी नांदेडहून आली की पुसायची, एरवी तिच्याकडे कुणी बघत नसे. वहिनींनी ती खाली उतरवून, बोट ठेवून, दोन दिवसांत वाचली होती. "भावजी, त्यात लिवलंय, सौ. गयाबाई यांस लिहिता-वाचता येते. खाली तारीख बगितली. तीस-बत्तीस वर्सांमागची हाय! म्या यांना मनलं, आवो, हे खोटं हाय की."

"मग सर काय म्हणाले?"

"मनले, हाय. खोटं हाय."

त्या हसल्या, मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

सरांच्या कपाटात वह्या क्रमांकानं लावलेल्या होत्या आणि रांग दोनपासून सुरू व्हायची. मी एकदा विचारलं, "पहिला नमुना कुठाय?" सर म्हणाले, "चालू हाय." मी समजलो की वहिनी.

यानंतर जे झालं त्याला कारण माझा राग. गल्लीतल्या सुमनबाई सरकारी दवाखान्याचा कागद घेऊन सरांच्या ओट्यासमोर उभ्या होत्या. मुलीच्या तपासणीचा कागद, बाई घाबरून अर्ध्या झालेल्या. आणि सर त्यांना सांगत होते, "चष्मा घरी राहिला." घराच्या ओट्यावर बसून! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी कागद ओढून घेतला आणि वाचून दाखवला: घाबरण्यासारखं काही नाही, सोमवारी मुलीला उपाशीपोटी घेऊन या. सुमनबाई हात जोडून गेल्या. मी सरांकडे वळलो.

"माणूस आहात का कोण आहात? तुमच्या संशोधनापायी बाई मेली असती."

सर म्हणाले, "तुमी वाचलं ते खरं वाचलं, हे तिला कसं कळलं, बाबू?"

"म्हणजे? मी कशाला खोटं वाचीन?"

"न्हाई वाचणार. पन तिला कसं कळलं? तिनं तुमच्या तोंडाकडं बगितलं, कागदाकडं न्हाई." मग त्यांनी मला हातानं बसा म्हणून खुणावलं. वहिनी देवळात गेल्या होत्या. सर म्हणाले, "तुमी मला वळखलं न्हाई. मी तुमाला पहिल्याच दिशी वळखलं व्हतं. तुमी आमच्या गावाला पथकासंगं आलते."

मी शेकडो गावांना पथकासंगं गेलो होतो. पण सरांनी गावाचं नाव घेतलं आणि मला पहिल्यांदा आठवली ती पुरणपोळी.

परभणी जिल्ह्यातलंच गाव. सर तिथे शिक्षक होते, तरुण, मोहिमेनं झपाटलेले. गाव पूर्ण साक्षर जाहीर व्हायचं होतं आणि गुरुवारी पाहणीला पथक येणार होतं. आता महिन्या-दोन महिन्यांत बायाबापड्या कुठून वाचायला शिकणार? सरांनी त्यांच्याकडून धडे पाठ करून घेतले. सगळ्यांत पुढे वहिनींना बसवायचं, त्यांनी सुरुवात करायची, बाकीच्यांनी त्यांच्यामागून म्हणायचं. त्या नसत्या तर सगळी रांग कोसळली असती.

सोमवारी टपाल आलं. गंगाखेडकडून निळं आंतरदेशीय पत्र, दत्ताचं. बायकोची पत्रं सरच वाचून दाखवत. त्यांनी चुलीपुढं बसून वाचलं: इकडे सर्व क्षेम, पाऊस बरा झाला, तांबडा बैल विकला. पुढच्या ओळींवर नजर गेली आणि त्यांनी पत्राची घडी घातली.

"पुढं काय होतं?" मी विचारलं.

"माय लय आजारी हाय. गयाचं नाव घेती. दाराकडं बगत बसती. पत्र मिळताच ये." सर हे पत्र समोर नसतानाच बोलले, पाठ असल्यासारखे. "मी मनलं, गुरुवारी पथक हाय, शुक्रवारी धाडू. चार दिसात काय व्हतंय?"

बुधवारी आई गेली. गुरुवारी दुपारी सायकलवरून माणूस निरोप घेऊन आला, तेव्हा आम्ही जेवत होतो. आम्ही म्हणजे पथक. सकाळी सगळं छान पार पडलं होतं. मला ती रांग आठवली. पहिल्या बाईच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं सहाव्या धड्यावर आणि ती म्हणत होती चौथा. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मला ते दिसलं होतं. मी तक्त्यात लिहिलं: वाचन अस्खलित. मग त्याच बाईनं आम्हाला पोळ्या वाढल्या, आणि दाराशी सायकल येऊन थांबली, आणि आतून एक किंकाळी आली. साहेब म्हणाले, काय झालं? कुणीतरी म्हणालं, मास्तरीणबाईची आई गेली. आम्ही चुकचुकलो. पोळी तव्यावर जळल्याचा वास आला. दुसऱ्या एका बाईनं पुढचं वाढप केलं, आणि खोटं कशाला सांगू, मी वरून तूप मागून घेतलं.

"दत्ताला वाटलं, पत्र पोचलं तरी ही आली न्हाई," सर म्हणाले. "हिला वाटलं, त्यानं कळवलंच न्हाई. दोघं भांडले आसते तर बरं झालं आसतं. भांडणात निघालं आसतं. दोघंबी मानी. बोललेच न्हाईत."

"आणि तुम्ही?"

"मी बी बोललो न्हाई."

मी या माणसाला आजवर विक्षिप्त समजत होतो. त्या दिवशी मला तो नीच वाटला. बायको तीस वर्षं भावाला शिव्या देते आणि हा उठून नळ बघायला जातो. मग मला माझं तूप आठवलं आणि मी तोंड बंद ठेवलं.

ते पत्र सरांनी फाडलं नव्हतं. पहिल्या नमुन्याच्या वहीत होतं. आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बसस्थानकावरचे म्हातारबाबा, पेडगावची बाई, साहेब, सगळा खटाटोप, चाळीसच्या वर वह्या, हे सगळं या एका बाईला कसं शिकवायचं ते शोधायला चाललं होतं. कारण वहिनी आधी शिकायला तयार नव्हत्या. "तुमी हायत की वाचायला," असं म्हणायच्या. म्हणून सरांनी चष्मा घरी ठेवायला सुरुवात केली. आधी बायकोसाठी, आणि मग जगासाठी.

"मग आता?" मी म्हणालो.

"आता तिला येतं. परवा पेपर वाचला, मनात, ओठ न हालवता. आन् काय समजलं ते नीट सांगितलं. आता कागद देणं भाग हाय."

माझ्यातला कारकून लगेच जागा झाला. "सर, वेड लागलंय का? भाऊ गेला, आई गेली. आता साठी उलटल्यावर तिला हे कशाला? जाळून टाका तो कागद. दोघं सुखानं राहा."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "म्हंजे पुन्यांदा मीच ठरवू? तिनं काय वाचायचं आन् काय न्हाई?"

आमच्या कचेरीत हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी तीनच्या सुमारास सरांनी भिंतीवरून हाक मारली. थंडीचे दिवस, ओट्यावर ऊन आलं होतं. वहिनी सतरंजीवर बसल्या होत्या, शेजारी निवडलेली मेथी. सरांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. "आज तुमी धरा." मग वहीतून निळा कागद काढला आणि वहिनींच्या मांडीवर ठेवला.

"आज काय, टपाल?" वहिनी म्हणाल्या. "कवाचं हाय?"

"जुनं हाय. वाच."

मी बटण दाबलं. वहिनींनी आधी तारीख वाचली. मग बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. "चि. सौ. गया हीस..." आणि खुदकन हसल्या. "आवो, हे तर मलाच हाय!" वहिनी पुढे निघाल्या. हाताचं लिखाण, शाई उडालेली, त्यामुळे त्या अडखळत होत्या. "इकडे सर्व क्षेम. पाऊस बरा झाला. तांबडा बैल विकला." त्या थांबल्या. "हे मला आठवायलंय. दत्ताचं हाय. तुमी वाचून दाखवलं व्हतं."

"पुढं वाच."

बोट पुढे सरकलं. अवघड जागी माणूस जसा पाय टेकून टेकून जातो तसा एकेक शब्द काढत त्या गेल्या. आईची... तब्येत... फार... बिघडली आहे. तुझे... नाव घेते. दारा... दाराकडे... बघत बसते. पत्र मिळताच ये. तुझा दत्ता. सगळे शब्द बरोबर. एकही चुकला नाही. पण सगळं लक्ष शब्द काढण्यात गेलं होतं. चेहऱ्यावर परीक्षा दिल्याचा आनंद होता. त्यांनी मान वर केली. मी स्टॉपवॉच थांबवलं.

आता सरांनी विचारायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज नाही. ज्या माणसानं साहेबाला सोडलं नाही, मयतीला आलेल्या पाव्हण्याला सोडलं नाही, तो खाली सतरंजीकडे बघत होता. मी विचारू शकलो असतो. दोनच शब्द होते. मीही नाही विचारले.

"इचारा की," वहिनी म्हणाल्या.

सरांनी सतरंजीची एक दशी बोटाला गुंडाळली.

"न्हाई इचारत? बरं ऱ्हाऊ द्या." त्यांनी बोट उचललं आणि एक ओळ मागं गेल्या. शिकवल्याप्रमाणे. या वेळी ओठ हलले नाहीत. बोट चालत होतं, थांबत होतं. मग पुन्हा मागं गेलं. मग वर तारखेकडे गेलं आणि तिथेच राहिलं. ऊन मेथीच्या पाटीवरून सरकून भिंतीला लागेपर्यंत ते बोट हललं नाही.

मग वहिनींनी हात पुढे केला आणि सरांच्या पुढ्यातली वही ओढून घेतली. आजवर चौथा रकाना सरच लिहायचे, वाचणाऱ्यानं फक्त बोलायचं. वहिनींनी पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर वही मिटली नाही, तशीच उघडी सतरंजीवर ठेवली. निळा कागद घडी करून पोलक्यात घातला, मेथीची पाटी उचलली आणि आत गेल्या. आतून भांड्याचाही आवाज येईना.

सर वहीकडे बघत नव्हते. समोरच्या रस्त्याकडे बघत त्यांनी ती हातानं चाचपडत माझ्याकडे सरकवली. चष्मा नाकावर होता. काचा भरून आल्या होत्या.

"बाबू," ते म्हणाले, "काय लिवलंय तेवढं वाचून सांगा. चष्मा घरी राहिला बगा."

आम्ही त्यांच्याच घरी बसलो होतो. मी वही उचलली. मोठी, वाकडी, ओळ सोडून वर चढलेली अक्षरं. जन्मभर मी कागदावर सोयीचं तेच लिहिलं आणि सोयीचं तेच वाचलं. त्या क्षणीही मनात दोन-तीन सोयीची वाक्यं येऊन गेली. मग मी जसं होतं तसं, मोठ्यानं, आतही ऐकू जाईल असं वाचलं:

"दत्तानं कळवलं व्हतं. मी तवा धडा म्हनत व्हते."